अठरा पूर्णांक सहा

“किती देते?”

गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून, पुढच्या टायरला बुटाच्या टोकाने दोनदा दाबून झाल्यावर तेलीसाहेबांनी विचारलं.

“अठरा,” मी म्हटलं. “कधी साडेअठरा.”

“गावात, का हायवेला?”

“दोन्ही मिळून.”

“एसी लावून?”

दस्तगीरचाचा बॉनेटखाली वाकले होते, ते तिथूनच हसले. “एसी? साहेबांनी एसी लावला तो फकस्त ह्या शैलाक्का आल्यावर. त्यात पण चढ आला की बंद.”

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. आप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन बावीस दिवस झाले होते. गडहिंग्लजच्या आमच्या घरापुढे पत्र्याची शेड आहे, तिच्यात त्यांची गाडी तशीच उभी होती. राखाडी रंगाची, छोटीच, पण उंच बांधणीची. हल्ली ज्याला त्याला हवी असते तसली. सदुसष्टाव्या वर्षी आप्पांनी ती घेतली, कारण बसताना वाकावं लागत नाही आणि कुठल्याही रस्त्याला पोट घासत नाही. मला गाडी चालवता येत नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि मला भावंडं नाहीत. नाशिकला एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. रजेचे चार दिवस उरले होते, तेवढ्यात गाडीचं काहीतरी करायचं होतं.

गिऱ्हाईक दस्तगीरचाचांनी आणलं होतं. दस्तगीर मुजावर म्हणजे एसटीच्या डेपोत आप्पांच्या हाताखालचे मेकॅनिक. नंतर त्यांनी कडगाव रोडला स्वतःचं गॅरेज टाकलं, तरी आप्पा त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत साहेबच राहिले. तेलीसाहेब एका पतसंस्थेत शाखाधिकारी होते आणि त्यांना रोज नेसरीला जाऊन-येऊन करायचं होतं. खिशातून त्यांनी चौघडी घातलेला कागद काढला.

“बायकोनं लिहून दिलंय,” ते जरा ओशाळून म्हणाले. “सर्व्हिसिंगला वर्षाला किती जातं. टायर कधी बदलले. बॅटरी कितव्या वर्षी गेली. इन्शुरन्स कधी संपतो. तिचं म्हणणं, गाडी कुणीबी घेतंय, पोसायची कुणी ते आधी ठरवा.”

“वहिनी हुशार आहेत,” चाचा म्हणाले.

“हुशार आहे म्हणून तर मी चालत फिरतोय इतकी वर्षं.”

मी हसले. बावीस दिवसांत पहिल्यांदाच असेल. मग म्हटलं, “माझ्या सांगण्यावर जाऊ नका. आप्पांची वही आहे, तिच्यात सगळं आहे.”

ही वही गाडीच्या खणात असायची. लांबट, जाड पुठ्ठ्याची, निळ्या रेक्झिनची. डेपोत आप्पांकडे डिझेलचं काम होतं. कुठल्या बसने दहा लिटरला किती किलोमीटर काढले, हे त्यांना सदतीस वर्षं रोज बघावं लागायचं, आणि निवृत्तीनंतर ती सवय स्वतःच्या गाडीला लागली. प्रत्येक वेळी टाकी तोंडापर्यंत भरायची, तारीख, मीटर, लिटर लिहायचे आणि मागच्या भरण्यापासूनचं अ‍ॅव्हरेज काढायचं. ते गेल्यापासून मी वही उघडली नव्हती. त्यांचं अक्षर बघायची तयारी झाली नव्हती. आताही मी ती तशीच मिटलेली तेलीसाहेबांच्या हातात दिली.

त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. अठरा पूर्णांक चार. अठरा पूर्णांक नऊ. सतरा पूर्णांक आठ, पुढे कंसात ‘पाऊस’. अठरा पूर्णांक सात. ते खुशीत पानं उलटत होते आणि मध्येच बायकोच्या कागदावर काहीतरी खूण करत होते. शेवटच्या दोन पानांवर त्यांचं बोट थांबलं.

“ताई, हे काय?”

मी वाकून बघितलं. आप्पांचं अक्षर नेहमीसारखंच, सरळ रेघेत. एप्रिलमध्ये अठरा पूर्णांक दोन. जूनमध्ये सतरा पूर्णांक एक. मग सोळा, साडेपंधरा, चौदा. शेवटची नोंद जानेवारीतली, ते गेले त्याच्या आठवडाभर आधीची. बारा पूर्णांक आठ.

“अठरा म्हणालात तुम्ही.”

“मला माहीत नव्हतं,” मी म्हटलं. पण बोलता बोलताच लक्षात आलं की हे खरं नाही. मला माहीत होतं. दर रविवारी अकरा वाजता मी आप्पांना फोन करायची आणि शेवटी विचारायची, गाडी काय म्हणते? एरवी ते म्हणायचे, मस्त. गेले काही महिने ते म्हणत होते, “घसरतंय गं जरा.” मी म्हणायची, “मग दाखवा की चाचांना.” ते म्हणायचे, “दाखवतो.” आणि आम्ही फोन ठेवायचो.

“चाचा, दाखवली होती ना तुम्हाला?”

“दाखवली की. दोनदा आणली.” चाचा फडक्याला हात पुसत पुढे आले. “एअर फिल्टर बदलला. प्लग बदलले. ब्रेक चिकटत्यात का बघितलं, हवा बघितली, कुठं गळती न्हाई. पंपात खोट आसंल म्हणून साहेबांनी दोन टाक्या संकेश्वरात भरल्या.”

“तिकडं कर्नाटकात स्वस्त पण पडतंय,” तेलीसाहेब म्हणाले.

“तीस किलोमीटर जाळायचं आणि स्वस्त भरून यायचं. बायकोला विचारा हे तुमच्या.”

“मग निघालं काय शेवटी?”

“काही न्हाई निघालं. मी म्हटलं, साहेब, किल्ली द्या, एक चक्कर मी मारून बघतो. तर नको म्हणाले. दोन्ही वेळेला नको म्हणाले. किल्लीच दिली न्हाई.”

तेलीसाहेबांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. “ताई, राग मानू नका. वडील गेलेत तुमचे, बोलू नये. पण ओळखीच्या मेकॅनिकला माणूस किल्ली का देत नाही? गाडीत काहीतरी मोठं निघालंय, त्यांना ते कळलं होतं, आणि खपवून टाकायची होती. आता तुम्हीच सांगा, मी काय समजू?”

आप्पा म्हणजे सुटे पैसे जास्त आले तर कंडक्टरला परत नेऊन देणारे गृहस्थ. त्यांच्याविषयी हे वाक्य त्यांच्याच शेडमध्ये उभं राहून कुणी बोलावं, आणि मी वही परत घेऊन गप्प बसावं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. गाडी विकली जाते की नाही, हे त्या क्षणापुरतं मागे पडलं.

“माझ्या वडिलांनी खपवायची असती, तर हे आकडे लिहिले असते का?” मी म्हटलं. “आपण आत्ता बघू. तुम्ही बसा, चाचा चालवतील. टाकी भरून निघायचं, आजऱ्याला जाऊन यायचं, परत भरायची. चालक बदलून बघायचा. डेपोत आप्पांची हीच पद्धत होती.”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. “शैलाक्का, राहू दे की. दुसरं गिऱ्हाईक बघू.”

“नाही. ह्यांनाच दाखवायचंय.”

“आणि अ‍ॅव्हरेज आलं तर?” तेलीसाहेबांनी विचारलं.

“आलं तर गाडी चांगली. तुम्ही घ्यायची.”

पंपावर टाकी भरताना चाचांनी तेलीसाहेबांना कामाला लावलं. नळी आपोआप बंद झाली तरी आप्पांचं समाधान व्हायचं नाही. गाडी दोन्ही बाजूंनी हलवायची, आतली हवा बुडबुडत बाहेर येऊ द्यायची आणि तोंडाशी पेट्रोल चमकेपर्यंत थोडं थोडं घालायचं. पंपावरची पोरं आप्पांची गाडी लांबून दिसली की म्हणायची, आली पाळणा गाडी. तेलीसाहेब शर्ट सांभाळत गाडी झुलवू लागले.

“रोज असं करायचे?”

“दर टाकीला,” चाचा म्हणाले. “हलवा, हलवा. वहिनींना सांगा, व्यायाम फुकटात हाय.”

मीटर शून्यावर आणून आम्ही निघालो. चाचा चालवत होते, शेजारी तेलीसाहेब, मी मागे. गावाबाहेर पडलो. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, मधूनच तोड झालेली मोकळी रानं. मग तेलीसाहेबांनी मान अर्धी वळवली.

“काय झालं होतं हो त्यांना?”

हे मी इतक्या जणांना सांगितलं होतं की वाक्यं आपापली यायची. न्हाणीत पडले. शेजाऱ्यांनी कोल्हापूरला नेलं. मी पोचले तेव्हा शुद्ध नव्हती, दुसऱ्या दिवशी गेले. डोक्याचा फोटो काढला त्यात मेंदूवर गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती, साधीच. वर्षभर हळूहळू वाढत असणार, असं डॉक्टर म्हणाले.

“आणि कुणाला कळलं नाही?”

“काही लक्षणच नव्हतं. डॉक्टरांनीही विचारलं, मागच्या सहा-आठ महिन्यांत पाय ओढत होते का, डावा पाय. मी सांगितलं, नाही. रोज गाडी चालवायचे.”

“मग तर पाय ठणठणीतच म्हणायचे,” तेलीसाहेब म्हणाले.

“मीही तेच म्हटलं डॉक्टरांना.”

आरशात चाचांचे डोळे क्षणभर माझ्यावर आले आणि परत रस्त्यावर गेले.

गाडी छान पळत होती. खिडक्या उघड्या होत्या आणि वाऱ्याशिवाय कशाचाच आवाज नव्हता. तेलीसाहेबही ते बघत असावेत, कारण ते म्हणाले, “इंजिन लय शांत आहे हो. मला वाटलं होतं घरघरेल.”

“दिवाळीत फार आवाज येत होता,” मी म्हटलं.

“कसला आवाज?” चाचांनी विचारलं.

“इंजिनचाच. मोठा. मी काच वर करून घेतली होती.”

दिवाळीचे तीन दिवस मी आप्पांकडे होते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, मी निघायच्या आदल्या सकाळी, ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“शैले, चल. नेसरीपर्यंत जाऊन येऊ.”

“काय आहे नेसरीला?”

“काही नाही. मी चालवतो, तू शेजारी बस. आणि माझे पाय बघ.”

“पाय?”

“चालवताना.”

“मला काय कळतंय त्यातलं आप्पा?”

“कळायला नको. बघायचं आणि दिसेल ते सांगायचं.”

मला गंमत वाटली होती. डेपोतले दिवस आठवत असतील, म्हटलं. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर डेपोत जायची. त्यांच्या टेबलाखाली बसून गोष्टीची पुस्तकं वाचायची आणि वर ते ड्रायव्हर लोकांशी काहीतरी आकड्यांचं बोलत असायचे. मी शेजारी बसले. गाव संपायच्या आत कॉलेजातून फोन आला. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येणार होती आणि ग्रंथालयाची आकडेवारी मी पाठवली होती ती प्राचार्यांना सापडत नव्हती. एकूण पुस्तकं किती, नियतकालिकं किती, रोज वाचायला येणारी मुलं किती. मी त्यांना आकडे सांगत होते. गाडीचा आवाज इतका येत होता की मला पलीकडचं ऐकू येईना, म्हणून मी काच वर केली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. नेसरी आली, आम्ही वळलो. परतीच्या वाटेवर मी मेल उघडून त्या आकड्यांची यादी पुन्हा पाठवत होते.

घरापाशी गाडी थांबली. आप्पांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली नाही. हात चाकावर तसेच ठेवून त्यांनी विचारलं, “काय दिसलं?”

“काही नाही. छान चालवता तुम्ही.”

“नक्की?”

“अहो नक्की. माझ्यापेक्षा तर नक्कीच छान.”

ते हसले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, हे मला अजून दिसतं. “मग सही करशील?”

“कसली सही?”

“असू दे,” ते म्हणाले. “नंतर कर. चहा ठेव आधी.” आणि ते दाराला धरून, सावकाश, गाडीतून उतरले. एकाहत्तर वर्षांचा माणूस जसा उतरेल तसेच.

यातलं फोनचं आणि आवाजाचं तेवढं मी चाचांना सांगितलं. त्यांनी आजऱ्याच्या अलीकडच्या चढाला गिअर खाली घेतला, गाडी जरा घुमली, सपाटी आल्यावर पुन्हा वर घेतला. गाडी शांत झाली.

“असा आवाज का?” त्यांनी विचारलं. “आत्ता चढाला आला तसा?”

“हो. असाच. पण सगळा रस्ता.”

“नेसरीचा रस्ता तर सपाट हाय की,” तेलीसाहेब म्हणाले.

आजऱ्याच्या स्टँडसमोर चाचांनी गाडी वळवली. तेलीसाहेबांनी चहाचं विचारलं, चाचा नको म्हणाले. येताना ते नीट समोर बघून चालवत राहिले, आणि मला उगाचच वाटत राहिलं की मी त्यांना दुखावलं, त्यांची तपासणी कमी पडली असं माझ्या बोलण्यातून निघालं.

पंपावर परत तोच खेळ. नळी थांबली, तेलीसाहेबांनी आपणहून गाडी झुलवली, चाचांनी थेंब थेंब घातलं. तोंडाशी पेट्रोल चमकलं तेव्हा पंपावरच्या आकड्यात दोन पूर्णांक नऊ लिटर होते. मी मीटर वाचला. चौपन्न किलोमीटर.

तेलीसाहेबांनी मोबाइलवर भागाकार केला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली.

“अठरा पूर्णांक सहा.” ते खरोखर खूश झाले होते. “ताई, माफ करा. हात जोडतो. मी नको ते बोललो. गाडी सोन्यासारखी आहे.”

मला इतकं बरं वाटलं. आप्पांचं नाव मी राखलं होतं, त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्याच आकड्यात. हे रविवारी अकराला फोनवर सांगायला हवं, असंही एक सेकंदभर मनात येऊन गेलं. मी वळून चाचांकडे बघितलं. ते टाकीचं झाकण हातात धरून उभे होते. लावत नव्हते.

“चाचा? आलं की.”

“आलं.”

“मग?”

“शैलाक्का,” ते हळू म्हणाले, “चालक बदलून अ‍ॅव्हरेज आलं, की डेपोत काय करायचे साहेब?”

“गाडी निर्दोष म्हणून लिहायचे.”

“आणि मग?”

उत्तर मला ठाऊक होतं. टेबलाखाली बसून ते मी पन्नास वेळा ऐकलं होतं. गाडीत दोष नाही ना, मग त्याला बोलवा. आप्पा रागवायचे नाहीत. त्या ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून ते एक फेरी करून यायचे आणि सगळा रस्ता त्याचे पाय बघायचे. एकदा एका ड्रायव्हरची टाच सुजलेली निघाली होती, एकाला साखर निघाली होती. तो माणूस घरी पेढे घेऊन आला होता. मगदूमसाहेबांमुळे वाचलो, म्हणाला होता.

“मग चालक तपासायचा,” मी म्हटलं.

पंपाच्या खोक्यावर लाल आकडा होता, दोन पूर्णांक नऊ. पोराने पुढच्या गाडीसाठी कळ दाबली आणि तो शून्य झाला.

चाचा सांगत होते. एक एक शब्द सुटा सुटा करून, जसं लहान मुलाला सांगावं तसं. “क्लच डाव्या पायानं दाबायचा असतोय. गिअर बदलायचा तर पाय दाबायला पायजे, नि उचलायला पायजे. पायात जोर न्हाई राहिला की माणूस गिअर बदलायचंच टाळतोय. दुसऱ्या-तिसऱ्यावरच रेटतोय सगळा रस्ता. गाडी ओरडतीय. पेट्रोल पितीय. गाडीची काय चूक त्यात.” ते थांबले. “मला किल्ली दिली न्हाई तवाच मला कळाय पायजे होतं. मी चालवली असती, अठरा आलं असतं, आणि मी साहेबांना सांगितलं असतं. ते त्यांना ठाऊक होतं.”

“डॉक्टरांनी डावाच पाय विचारला होता,” मी म्हटलं.

“व्हय. मघाशी तुम्ही बोललासा तवाच माझ्या ध्यानात आलं.”

तेलीसाहेबांना यातलं किती कळलं, मला माहीत नाही. ते थोडे बाजूला झाले आणि बॉनेटवर आपले कागद पसरू लागले. पंपावरच्या पोराने गाडी पुढे घ्यायला सांगितलं. चाचांनी ती हवेच्या यंत्राजवळ नेऊन लावली. मी चालत मागे गेले. डॉक्टरांचं दुसरं वाक्य मी तेलीसाहेबांना सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. गाठ अशा जागी होती की सहा महिने आधी आणलं असतं तर काढता आली असती. पायाचं मी नाही म्हटल्यावर ते म्हणाले होते, मग तुमचाही इलाज नव्हता.

“वही कुठाय?” चाचांनी विचारलं.

वही माझ्या काखेत होती. मी ती उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, “तिकडनं नको. मागनं उघडा.”

“मागून?”

“डेपोची वही आम्ही तशीच लिहायचो. गाडीचं फुडनं, चालकाचं मागनं. साहेबांनी ही पण तशीच केली आसंल. ते दुसरं काही करणारच न्हाईत.”

मी वही उलटी केली आणि मागचा पुठ्ठा उघडला.

एकच पान लिहिलेलं होतं. वर रेघ मारलेली, तीच त्यांची सरळ रेघ.

*चालक : रा. भ. मगदूम. वय ७१.*

*१८ ऑगस्ट. अ‍ॅव्हरेज १५.५. गाडी तपासली, दोष नाही. चालक तपासणे.*

*३ सप्टेंबर. डाव्या पायात जोर कमी वाटतो. वयाने असेल.*

*२१ सप्टेंबर. दस्तगीरला बसवावे का? नको. किल्ली काढून घेईल.*

*१२ ऑक्टोबर. शैला दिवाळीला येते आहे. ती स्पष्ट सांगते. तिला बसवणे.*

*२ नोव्हेंबर. नेसरी जाऊन-येऊन ४० कि.मी. शैला शेजारी. पाय पाहिले. दोष नाही.*

त्याच्या पुढे काही नव्हतं. पुढून आकडे चौदा, बारा पूर्णांक आठ असे उतरत गेले होते, पण मागे त्या दिवसानंतर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. तपासणी संपली होती. पानाच्या तळाशी, उजव्या हाताला, त्यांनी आखून ठेवलं होतं, *तपासणाऱ्याची सही*, आणि पुढे टिंबांची ओळ.

चाचांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. वाचून झाल्यावर ते हवेच्या यंत्राच्या पलीकडे गेले आणि पाठ करून उभे राहिले.

तेलीसाहेब कागद घेऊन आले. माझ्या हातातलं उघडं पान त्यांना दिसलं. चांगला माणूस होता, दुसऱ्याचं वाचू नये हे त्यांना कळत होतं, पण शेवटची ओळ डोळ्यांत भरण्यासारखीच होती.

“दोष नाही,” त्यांनी वाचलं आणि मान हलवली. “बघा, लिहूनच ठेवलंय की. आणि तपासलंत पण तुम्हीच.”

“हो,” मी म्हटलं. “मीच.”

त्यांनी पेन पुढे केलं आणि बॉनेटवरच्या कागदावर बोट ठेवलं. “मग इथं सही करा, ताई.”

मी तिथे सही केली. आणखी दोन ठिकाणी केली. तेलीसाहेबांनी गाडीबरोबर वहीही मागितली, पुढच्या नोंदी आपणही करू म्हणाले. मी ती दिली नाही. पुढची पानं फाडून देऊ का, असं विचारलं, तर ते घाईने म्हणाले, नको, नको, राहू दे.

याला आता अकरा वर्षं झाली. चाचांनी गॅरेज मुलाला दिलं. तेलीसाहेबांचा अजून दर दिवाळीला फोन येतो. ख्यालीखुशाली झाली की ते म्हणतात, “ताई, तुमची गाडी अजून अठराच्या खाली आली नाही बरं.” त्यांना वाटतं, मला ते ऐकून बरं वाटत असेल. मी म्हणते, छान.

वही माझ्या कपाटात आहे. सही मी केलेली नाही.